कुलवृत्तांत वेबवर : सुट्टीच्या दिवसांतल्या प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार

साहित्य तीन ठिकाणचे. आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताची, म्हणजे वंशावळीच्या पुस्तकाची, दुसरी आवृत्ती पेजमेकर ६.५ या पाने मांडण्याच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या फायलींत, एका सीडीवर. पहिली आवृत्ती फक्त छापील, खिळ्यांच्या छपाईतली. आणि कुलमंडळाच्या चिटणीसांची वही, तीत दुसऱ्या आवृत्तीनंतरची लग्ने, बारशी, मृत्यू आणि बदललेले पत्ते. या तिन्हींतून शोधता येईल असे एक संकेतस्थळ करायचे आहे. नोकरी सांभाळून, म्हणजे शनिवार-रविवारी.

सीडी थेट उघडू नये, आधी तिची पूर्ण प्रतिमा, म्हणजे सबंध सीडीची एका फाइलीत हुबेहूब नक्कल, घ्यावी. जुनी सीडी वाचताना ड्राइव्ह एकेका खराब भागावर अडून बसतो, आणि फायली एकेक करून ओढल्या तर अर्धवट कॉपी झालेली फाइलही पूर्ण झाल्यासारखी दिसते. डीडीरेस्क्यू हा प्रोग्राम खराब भाग वगळून पुढे जातो, मग मागे येऊन तेवढेच पुन्हा वाचतो, आणि काय वाचता आले नाही याची यादी ठेवतो.

पेजमेकरच्या फायली इनडिझाइन सीएस६ पर्यंतच्या आवृत्त्यांत उघडतात, त्यापुढच्या उघडत नाहीत. लिब्रेऑफिस ड्रॉमध्येही उघडतात. पानाची मांडणी विस्कटते, पण ती नकोच आहे. मजकूर आणि त्याला लावलेल्या फॉन्टचे नाव एवढेच हवे. ऑटोकरेक्ट आधी बंद करणे महत्त्वाचे. सरळ अवतरणचिन्हाचे वळणदार चिन्ह झाले की जुन्या फॉन्टमध्ये तिथे दुसरेच अक्षर उमटते. मजकूर बाहेर काढताना एन्कोडिंग (कोणत्या आकड्याला कोणते अक्षर याचा तक्ता) कोणते धरले तेही लिहून ठेवले. विंडोज-१२५२ या जुन्या पाश्चात्त्य एन्कोडिंगमध्ये पाच जागा रिकाम्या आहेत. फॉन्टवाल्याने त्यांवर अक्षरे बसवली असतील तर ती गळतात, आणि गळल्याचे कुठेच कळत नाही.

१८ जानेवारी, शनिवार

फॉन्टचे युनिकोड करणे. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला ठरवून दिलेला क्रमांक. आठ बिटांच्या जुन्या मराठी फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असतात. संगणकाच्या लेखी तो मजकूर म्हणजे निरर्थक रोमन चिन्हांची रांग. बाजारात तयार परिवर्तक आहेत, पण एकाच नावाच्या फॉन्टच्या दोन आवृत्त्यांत चारदोन खाचे (अक्षरांच्या जागा) इकडचे तिकडे असतात, म्हणून तक्ता हाताने तपासावाच लागतो. फॉन्टफोर्ज या फॉन्ट-संपादकात फॉन्ट उघडायचा, भरलेल्या प्रत्येक खाच्यात काय आहे ते पाहायचे आणि त्यासमोर युनिकोड लिहायचे. कंटाळवाणे काम आहे; रेडिओ लावून बसावे.

तक्त्यानंतरच्या पायऱ्यांचा क्रम चुकला तर सगळेच चुकते. आमचा क्रम असा ठरला: आधी लांब जोड्या बदलायच्या, मग एकेरी चिन्हे. त्यानंतर अर्धे अक्षर अधिक काना म्हणजे पूर्ण अक्षर. ख, घ, ण, थ, ध, भ यांचे अर्धे रूप आणि उभी रेघ अशी जोडी ठेवून खाचे वाचवलेले असतात, त्यामुळे त्या रेघेला दोन अर्थ आहेत, अक्षर पुरे करणारी रेघ आणि खरा काना. ही पायरी झाल्यावर उरलेली रेघ काना मानायची. मग काना अधिक मात्रा म्हणजे ओकार. मग पहिली वेलांटी, जी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते, ती जोडाक्षराच्या पलीकडे न्यायची. सगळ्यात शेवटी रफार.

बहुतेक परिवर्तक रफारावर आपटतात. जुन्या फॉन्टमध्ये रफार अक्षरानंतर येतो, युनिकोडमध्ये तो आधी. तो जागचा हलवला नाही तर 'कार्तिक'चे 'कातिर्क' आणि 'सर्वोच्च'चे 'सवोर्च्च' होते. जुन्या मराठी मजकुराचे घाईने युनिकोड केलेले कुठेही हे नमुने सापडतील. एक व्यंजन मागे नेऊनही भागत नाही: 'मूर्च्छा'त त्याला सबंध 'च्छा' ओलांडावा लागतो. म्हणून नियम असा, की हलन्तांनी जोडलेली सगळी व्यंजने, त्यावरची मात्रा आणि असलाच तर अनुस्वार हे एक गठ्ठा धरायचे आणि रफार गठ्ठ्याच्या पुढे ठेवायचा. रफार व अनुस्वार एकत्र असलेला खाचा वेगळा असतो. त्याचे आधीच दोन तुकडे करून घ्यायचे.

निकाल तपासायला शब्दकोश लागत नाही. मराठीत असूच शकत नाहीत अशा जोड्या शोधायच्या: शब्दारंभी मात्रा, एकावर दुसरी मात्रा, हलन्तानंतर काना. त्या किती वेळा येतात त्याप्रमाणे उतरत्या क्रमाने लावल्या की वरच्या काही ओळींतच तक्त्यातले दोष उघडे पडतात.

२६ जानेवारी, रविवार

युनिकोड झाला तरी एकच शब्द दोन प्रकारे लिहिलेला असू शकतो, आणि शोधताना तेच नडते.

'आचाऱ्यांना' मधला र्‍य दोन रीतींनी येतो. एक ऱ, यू+०९३१ (हा त्याचा युनिकोड क्रमांक), त्यापुढे हलन्त. दुसरी साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडणारे चिन्ह यू+२००डी. दिसायला सारखेच. आम्ही सगळीकडे पहिली रीत ठेवली, कारण ते अदृश्य चिन्ह कॉपी-पेस्टमध्ये किंवा फॉर्म भरताना गळते आणि 'दऱ्या'चा 'दर्या' होतो.

ॲ हे अक्षर, यू+०९७२, युनिकोड ५.१ मध्ये २००८ साली आले. त्याआधीचा मजकूर अ अधिक ॅ असा आहे. एकाच अक्षराची वेगवेगळी लेखने एका साच्यात आणणारे युनिकोडचे एनएफसी नॉर्मलायझेशन या दोघांना एक करत नाही, कारण युनिकोडच्या लेखी ती समतुल्य नाहीत. हा बदल स्वतः लिहायचा. घराण्यात वकिलांची कमतरता नसल्याने 'ॲड.' पानोपानी आहे.

जुन्या आवृत्तीतले 'नाहीं', 'तें', 'त्यांस' तसेच ठेवायचे ठरले. हे शब्द १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीचे आहेत, चुकीचे नाहीत. वाचकाला मूळ दिसेल. शोधासाठीच्या वेगळ्या रकान्यात अनुस्वार काढलेली प्रत जाईल. मूळ मजकुराला हात न लावता दुरुस्त प्रत शेजारी ठेवायची, हा नियम यापुढे सगळ्याच कामाला.

२ फेब्रुवारी, रविवार

पहिल्या आवृत्तीचे स्कॅनिंग. पुस्तकाची बांधणी कडक असल्याने फ्लॅटबेडवर दाबले तर शिवण उसवेल. वर कॅमेरा, खाली व्ही आकाराचा पाळणा, दोन्ही बाजूंनी दिवे. सावली शिवणीकडे पडली की त्या बाजूची अक्षरे जातात. ३०० डीपीआयच्या (इंचाला ३०० ठिपके) बरोबरीचे चित्र पुरते.

टेसरॅक्ट या ओसीआर, म्हणजे चित्रातला मजकूर वाचणाऱ्या, प्रोग्रामला 'मराठी' मॉडेल दिले, पानाचे स्तंभ आधी कापून. अपेक्षित गोंधळ: घ आणि ध, थ आणि य, ब आणि व, भ आणि म. शब्दांतले हे गोंधळ वाचताना लगेच कळतात. आकड्यांतले कळत नाहीत. खिळ्याच्या छपाईत शाई पसरली किंवा खिळा झिजला की १ चा ९ दिसतो आणि ९ चा १. इथे चूक म्हणजे माणूस बापाच्या आधी जन्मला, किंवा त्याहून वाईट म्हणजे साल फक्त आठ वर्षांनी हलले, जे कुणालाच खटकणार नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

तारखांचे काम. जुन्या नोंदी शके आणि तिथीत आहेत, पुढच्या इसवी सनात, मधल्या काळातल्या दोन्हींत.

ब्राउझरमध्ये 'इंडियन' नावाचे कॅलेंडर तयार मिळते, म्हणून ते वापरण्याचा मोह होतो. ते भारत सरकारचे राष्ट्रीय सौर कॅलेंडर आहे, २२ मार्च १९५७ पासून चालू झालेले, ठरावीक दिवसांच्या महिन्यांचे. पंचांगातल्या चांद्र महिन्यांशी आणि तिथींशी त्याचा संबंध नाही. कुलवृत्तांतातली 'फाल्गुन वद्य ५' त्यातून काढली तर आकडा येईल, आणि तो चुकीचा असेल.

वर्षापुरते गणित सोपे आहे. चैत्र ते कार्तिक असेल तर शकात ७८ मिळवायचे, माघ-फाल्गुन असेल तर ७९. मार्गशीर्षाचा शेवट आणि पौष दोन्हींपैकी कोणत्याही सालात येऊ शकतात, तेव्हा तिथी पाहूनच ठरवायचे. महिना दिलाच नसेल तर दोन्ही साले ठेवायची: 'शके १८१९' म्हणजे '१८९७-९८'. डेटाबेसमध्ये त्यासाठी 'पासून' आणि 'पर्यंत' असे दोन रकाने, आणि तिसऱ्यात मूळ शब्द जसेच्या तसे. एकच तारीख मागणारा रकाना असला की भरणारा काहीतरी भरतोच, बहुधा १ जानेवारी. मग शंभर वर्षांनी कुणीतरी म्हणेल, या घराण्यात सगळे १ जानेवारीलाच जन्मले.

आता संवत्सर. पहिल्या आवृत्तीच्या संपादकांनी बहुतेक ठिकाणी शकाबरोबर संवत्सराचे नावही दिले आहे, आणि आकडे तपासायला याहून चांगले साधन मिळणार नाही. शकात १२ मिळवून ६० ने भागायचे. जी बाकी उरेल तो प्रभवपासूनचा क्रमांक, आणि बाकी शून्य आली तर साठावे क्षय. शके १८१९ : १८३१ भागिले ६०, बाकी ३१, म्हणजे हेमलंबी. छापात 'हेमलंबी' आहे आणि ओसीआरने '१८११' वाचले असेल तर बाकी २३ येते, विरोधी. नावे जुळत नाहीत, ओळ लाल. अक्षर वाचायला चुकले तरी संवत्सराचे नाव ओळखता येते, कारण साठांतलेच एक असणार. लेव्हनश्टाइन अंतराने, म्हणजे किती अक्षरे बदलावी लागतात ते मोजून, जवळचे नाव घ्यायचे. हेमलंब, हेमलंबी अशी पाठभेदांची छोटी यादी मात्र हाताने द्यावी लागली. बरोबर साठ वर्षांची चूक या पद्धतीला दिसत नाही. तिथे पिढ्यांचे अंतर बोलते.

लाल ओळी काढून टाकल्यावर तारखांचा आलेख काढला. शके १८४०, आश्विन-कार्तिक, संवत्सर कालयुक्त, इथे मृत्यूंची दाटी आहे. एकाच घरातली सासू, सून, तान्हे मूल. ओसीआरचा दोष वाटून पाने पुन्हा पाहिली. छाप स्वच्छ आहे. इसवी सन १९१८ चा ऑक्टोबर-नोव्हेंबर, इन्फ्लुएंझाची दुसरी लाट. वृत्तांतात साथीचा उल्लेख नाही, फक्त तिथ्या आहेत.

आकड्यांबद्दल आणखी एक: पायथॉनचे 'इंट' देवनागरी '१९१८' सरळ समजून घेते, जावास्क्रिप्टचे 'नंबर' 'नॅन', म्हणजे 'हा आकडा नाही', असे उत्तर देते. एक्सेल त्याला मजकूर मानते. आत सगळीकडे इंग्रजी अंक साठवून दाखवताना देवनागरी करणे हाच मार्ग. फॉर्ममध्ये आकड्यांचा खास प्रकार न वापरता साधा मजकूर प्रकार आणि अंकांचा कळफलक, मग दोन्ही लिपींतले अंक स्वीकारता येतात.

१६ फेब्रुवारी, रविवार

डेटाबेसचा आराखडा. यावर सगळ्यात जास्त वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता.

छापील वृत्तांताचा साचा असा: पुरुषाची सविस्तर नोंद, तिच्यात पत्नीचे एक वाक्य, मुलगे क्रमांकासह, शेवटी 'कन्या' आणि त्यांची सासरे. पहिल्या आवृत्तीत कित्येक ठिकाणी नुसते 'कन्या २'. हा साचा तसाच तक्त्यात उतरवला तर आत्या, मावशी, लेकी हे कुणाच्या तरी ओळीतले शेरे होऊन राहतात. म्हणून 'व्यक्ती' हा एकच तक्ता, स्त्री-पुरुष दोघांचा. ज्या दोन मुलींची नावे नाहीत त्यांच्याही दोन ओळी, नाव रिकामे, 'नाव नोंदलेले नाही' असा शेरा. या ओळींमुळे पहिल्याच आठवड्यात एका आत्याने त्यांतली दोन नावे सांगितली. रिकामी जागा दिसली तरच कुणी भरते.

नावांचा तक्ता वेगळा, कारण एका व्यक्तीला अनेक नावे. लग्नात नाव बदललेले, माहेरचे, सासरचे, पत्रिकेतले, आणि घरात हाक मारायचे: नाना, तात्या, बंडू, माई. शोधणारा बहुतेक वेळा शेवटचेच टाकतो. 'गोविंद', 'गोविंदराव', 'गोविंदपंत' ही एकाच माणसाची रूपे मूळ नोंदीत तीन ठिकाणी तीन प्रकारे आहेत. 'कै.', 'चि.', 'सौ.', 'ह.भ.प.', 'रा. रा.' हे नावातून काढून वेगळ्या रकान्यात. 'चि.' तर फारच लवकर शिळे होते; दुसऱ्या आवृत्तीतले काही चिरंजीव आता आजोबा आहेत.

दत्तक. मुलगा एका शाखेत जन्मला आणि दुसरीत दत्तक गेला, तर छापील पुस्तकात तो दोनदा येतो, दोन नावांनी, कधी दोन जन्मतिथींनी. वंशवृक्षाची तयार सॉफ्टवेअर जेडकॉम या वंशावळीच्या फाइल-प्रकाराच्या नमुन्यावर चालतात आणि त्यात दत्तकाची सोय आहे, पण आयात करताना ही दोन माणसे दोनच राहतात. आमच्याकडे 'अपत्य-नाते' असा तक्ता: मूल, पालक, प्रकार जन्माचा की दत्तकाचा, आणि दत्तविधानाचे साल असल्यास ते. जोडणी यंत्रावर सोडली नाही. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची रीत असल्याने 'महादेव बिन गोविंद' (म्हणजे गोविंदाचा मुलगा महादेव) आणि 'गोविंद बिन महादेव' आलटून पालटून येतात आणि नाव जुळले म्हणून माणसे जुळवणारे कोणतेही सूत्र इथे फसते.

प्रत्येक माहितीला स्रोत: पहिली आवृत्ती, पृष्ठ, दुसरी आवृत्ती, पृष्ठ, वही, तोंडी, कोणी सांगितले. दोन स्रोत भांडत असतील तर दोन्ही दाखवायचे. छापील पुस्तकाच्या संपादकाला एक निवडावा लागत होता, आपल्याला जागेची अडचण नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

शोध. एसक्यूलाइट या डेटाबेसची एफटीएस५ ही मजकूर शोधण्याची सोय घेतली. मूळ सेटिंगवर 'मोरो' शोधले तर 'मीरा' आणि 'मारुती'ही हजर. कारण त्याचा युनिकोड६१ हा टोकनायझर, म्हणजे मजकुराचे शब्द पाडणारा भाग, फक्त अक्षरे आणि अंक शब्दाचा भाग मानतो. मात्रा ही 'खूण' या वर्गात मोडते, म्हणून त्याच्या दृष्टीने तिथे शब्द तुटतो. 'मोरो'चे म आणि र असे दोन शब्द उरतात. उपाय एका ओळीचा: टोकनायझरच्या 'कॅटेगरीज' पर्यायात एमएन आणि एमसी हे खुणांचे दोन वर्ग जोडायचे. त्यानंतर 'गोविंद*' असे तारांकित शोधले की 'गोविंदाचा', 'गोविंदरावांनी' मिळतात.

क्रम लावताना युनिकोडचा क्रम चालत नाही. त्यात ळ हा ल आणि व यांच्या मध्ये आहे. मराठी वाचक तो ह च्या पुढे शोधतो, आणि मग क्ष, ज्ञ. सूचीसाठी वेगळी क्रमवारी-किल्ली करून ठेवली.

पानाच्या वेबपत्त्यात नाव नको, क्रमांक हवा. देवनागरीचे एक अक्षर यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड साठवण्याच्या नेहमीच्या रीतीत) तीन बाइटचे, पत्त्यात टक्क्यांच्या खुणांनी ते नऊ चिन्हांचे होते. काकांनी व्हॉट्सॲपवर पुढे पाठवलेली कडी (लिंक) चार ओळी पसरते आणि मध्ये तुटते.

२ मार्च, रविवार

दिसणे. 'एक टाइप' या फॉन्ट-संस्थेचा 'मुक्त' नावाचा फॉन्ट, स्वतःच्या सर्व्हरवरून, वॉफ२ या वेबसाठीच्या फॉन्ट-प्रकारात. फॉन्ट छाटताना ओपनटाइपचे, म्हणजे अक्षरे जोडण्याचे, नियम राहतील असे साधन वापरायचे, नाहीतर जोडाक्षरे फुटून हलन्त दिसू लागतात. पानाला भाषा 'एमआर' अशी सांगितली की ज्या फॉन्टांत सोय आहे त्यांत ल आणि श मराठी वळणाचे येतात. न सांगितल्यास हिंदी वळणाचे.

ओळींमधले अंतर १.७. अक्षरांमधले अंतर वाढवायचे नाही, शिरोरेषा तुटते. तिरपा ठसा नाही. शीर्षकाच्या चौकटीत जादा भाग लपवणारा नियम असेल तर रफार आणि उकार कापले जातात; तयार थीममध्ये हा दोष हमखास.

९ मार्च, रविवार

हयात माणसांची माहिती. छापील वृत्तांतात सगळे होते: जन्मतारीख, नोकरी, पत्ता, दूरध्वनी. ते पुस्तक चारशे घरांत कपाटात राहिले असते. वेबवर तेच वेगळे होते. जन्मतारीख आणि आईचे माहेरचे आडनाव या दोन गोष्टींवर बँकेच्या फोनवर ओळख पटवली जाते, आणि कुलवृत्तांत नेमके तेच एका पानावर मांडून देतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात घरगुती वापराला सूट आहे, पण सगळ्या जगाला दिसणाऱ्या पानाला घरगुती म्हणणे अवघड.

नियम: मृत्यूची नोंद नाही आणि जन्म गेल्या शंभर वर्षांतला, तर माणूस हयात धरायचा. हयातांचे नाव आणि नाते तेवढे दिसेल, तेही लॉगिन केल्यावर. बाकी त्यांनी लेखी कळवले तर. लहान मुलांची नावे नाहीत, फक्त 'अपत्ये'. शोधयंत्रांसाठीच्या रोबोट्स फाइलीत 'येऊ नका' लिहिणे म्हणजे कुलूप नव्हे. खरी अडवणूक सर्व्हरवर.

घटस्फोट आणि आंतरजातीय विवाह यांवर मंडळात चर्चा झाली. जुन्या पिढीतल्या काहींना दोन्ही 'दाखवायचे नको' होते. ठरले ते असे: विवाह म्हणजे विवाह, सगळे सारखे, समाप्ती फक्त त्या दोघांनी सांगितली तर. हा निर्णय कोडमध्ये एका अटीचा आहे, बैठकीत तो दोन चहांचा निघाला.

१५ मार्च, शनिवार

दुरुस्त्या कशा येतात ते बघून फॉर्म बदलला. फॉर्मवर जवळजवळ कुणी येत नाही. येतात ते व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप, कागदाचा फोटो, आणि लग्नाच्या पंगतीत 'अरे, आमच्या अण्णांचं साल चुकलंय बरं का'. ऑफिसात असली विनंती तिकीट, म्हणजे क्रमांक असलेली नोंद, होऊन येते. घरात ती 'सहज आठवलं म्हणून' येते आणि कधी झाली हेही विचारले जाते. म्हणून दुरुस्तीची नोंद आपणच करायची: कोणी, कधी, काय सांगितले, पुरावा काय. प्रत्येक पानावर मोठ्या अक्षरात क्रमांक छापला, म्हणजे फोनवर 'चारशे बाराव्या पानावर' असे सांगता येते. याने जेवढे काम सोपे झाले तेवढे कुठल्याच फीचरने नाही.

ज्येष्ठांच्या मोबाइलवर फॉन्ट मोठा केलेला असतो. त्यांच्याच फोनवर तपासणे आवश्यक. दोन स्तंभांची मांडणी १५० टक्क्यांवर कोसळते, तेव्हा मोबाइलवर एकच स्तंभ. पूर्ण वंशवृक्ष पडद्यावर दाखवायचा नाद सोडला: व्यक्ती, वरची एक पिढी, खालची एक पिढी, एवढेच.

३० मार्च, रविवार

गुढीपाडवा, शके १९४७, विश्वावसु. मंडळाला आजच सुरू करायचे होते. तपासून झालेल्या शाखाच खुल्या केल्या. बाकीच्या शाखांच्या जागी छापील पानांची चित्रे आणि 'तपासणी बाकी' असा शेरा. अपुरे काम पुरे असल्यासारखे दाखवण्यापेक्षा हे बरे, आणि शेरा वाचून त्या शाखेतले लोक स्वतः मदतीला येतात.

६ एप्रिल, रविवार

हस्तांतर. डोमेन कुलमंडळाच्या नावावर, मंडळाच्या ईमेलवर, दोघांच्या हाती पासवर्ड. एका माणसाच्या खासगी खात्यावर डोमेन असले की तो माणूस, त्याचे कार्ड किंवा त्याचा उत्साह संपला की संकेतस्थळही संपते. साइट स्थिर पानांची. फक्त लॉगिन आणि शोध सर्व्हरवर चालतात, त्यामुळे सर्व्हर बंद पडला तरी पाने दुसरीकडे उचलून ठेवता येतात.

दर तीन महिन्यांनी निर्यात: सगळे तक्ते यूटीएफ-८ सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या साध्या मजकूर-फायलींत), स्कॅन वेगळे, फॉन्टचा तक्ता आणि परिवर्तकाचा कोडही सोबत. पेजमेकरच्या मूळ फायली काढून टाकायच्या नाहीत. एक्सेलमध्ये सीएसव्ही दोनदा टिचकी मारून उघडू नये, देवनागरीचा कचरा होतो. 'डेटा' मधून आयात करून यूटीएफ-८ निवडावे. ही ओळ चिटणीसांच्या वहीत पहिल्या पानावर लिहून दिली.

बाकी: शाखा तीन आणि सहाचे ओसीआर तपासणे, पौषातल्या तिथ्या जुन्या पंचांगावरून ठरवणे, सासरच्या आडनावावरून लेकी शोधण्याची सोय, आणि छपाईसाठी पीडीएफ. पीडीएफमधून मराठी मजकूर कॉपी केला की वेलांट्या इकडच्या तिकडे होतात, म्हणून ती फक्त छापायला, साठवणीसाठी सीएसव्हीच.